केनेडीचा आजार : वर्षाला दोन टक्क्यांचा उतार पकडायचा कसा?

उंबरठा

केनेडीच्या आजाराचं जनुक, वारसा, निदान यावर वाचायला पुष्कळ मिळतं. निदान झाल्यावर पुढची वीस-तीस वर्षं नेमकं काय मोजायचं, कशाने आणि किती वेळा, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. चर्चेचा हा धागा त्यासाठीच.

नवीन वाचणाऱ्यांसाठी दोन ओळी. हा आनुवंशिक आजार, स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मरत जातात आणि स्नायू हळूहळू कमजोर होतात. एक्स गुणसूत्रावर अँड्रोजेन रिसेप्टरचं जनुक असतं. त्यात सीएजी ही तीन अक्षरं ओळीने ३८ किंवा जास्त वेळा आली की आजार होतो. विल्यम केनेडी आणि सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये त्याचं वर्णन केलं, जनुकातला दोष १९९१ मध्ये सापडला. बिघडलेलं प्रथिन टेस्टोस्टेरॉन चिकटल्यावरच पेशींना घातक ठरतं, म्हणून आजार पुरुषांना होतो. वाहक बायकांना फार तर पेटके किंवा हाताची हलकी थरथर.

आजाराची चाल किती मंद? २००६ मध्ये जपानमधल्या २२३ पुरुषांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. त्यातली मधली वयं अशी: हाताची थरथर ३३, स्नायूंची कमजोरी ४४, जिना चढताना कठड्याचा आधार ४९, बोलण्यात जडपणा ५०, गिळताना त्रास ५४, काठी ५९, चाकाची खुर्ची ६१. कठड्यापासून काठीपर्यंत दहा वर्षं. सीएजीची संख्या जास्त असली की लक्षणं लवकर सुरू होतात, पण सुरू झाल्यावरचा वेग त्या आकड्यावरून कळत नाही. अहवालातल्या ४३ किंवा ४८ वरून पुढचा हिशोब मांडत बसू नये. वेग कळतो तो मोजूनच.

आणि अडचण तिथेच आहे. ड्युटास्टेराइड (टेस्टोस्टेरॉनचं जास्त प्रभावी रूप बनू न देणारं औषध) याच्या २०११ च्या चाचणीत औषध न मिळालेल्या गटाची मोजलेली ताकद दोन वर्षांत साधारण ४.५ टक्क्यांनी घटली. म्हणजे वर्षाला दोन-सव्वादोन टक्के. हाताची पकड मोजताना सकाळ-संध्याकाळचा फरक याहून मोठा येतो.

माझ्या मते घरच्या वहीत पाचच गोष्टी पुरेत: दोन्ही हातांची पकड, खुर्चीतून पाच वेळा उठणं, चार पायऱ्या चढणं, वजन, आणि महिन्यात किती वेळा पडलात. सहा मिनिटांचं चालणं, फुप्फुसांची चाचणी, रक्त आणि एमआरआय दवाखान्यात. जाणकारांनी भर घालावी, खोडावं.

मोजपट्टी

यादी बरोबर आहे, पण यादीपेक्षा पद्धत महत्त्वाची. पकडीपासून सुरुवात करतो.

हायड्रॉलिक डायनमोमीटर म्हणजे पकडीचा जोर मोजणारं यंत्र. त्याची मूठ दुसऱ्या खाचेवर ठेवा आणि पुढे कधीही बदलू नका. पाठ टेकून खुर्चीत बसायचं, पाय जमिनीवर, दंड अंगालगत, कोपर ९० अंशांत, मनगट सरळ किंवा किंचित वर. डायनमोमीटरचं वजन मोजणाऱ्याने खालून हलकेच तोलून धरायचं. तीन सेकंद पूर्ण जोर, मग मिनिटभर विश्रांती. दोन्ही हातांच्या तीन-तीन पाळ्या. तीनपैकी सर्वोत्तम घ्यायचा की सरासरी, यावर वाद घालणारे घालतात. मी सरासरी घेतो, कारण एखादी पाळी चुकून भारी लागली तर सर्वोत्तमात तीच वर्षभर मिरवते.

नेहमी राहून जाणारी गोष्ट म्हणजे थंडी. या आजारात गार हवेत बोटांची ताकद उघड उघड कमी होते. थंडीतली नोंद उन्हाळ्यातल्या नोंदीशेजारी ठेवली तर आजार बळावल्यासारखा वाटतो आणि पुढच्या उन्हाळ्यात बरा झाल्यासारखा. मोजण्याआधी पंधरा-वीस मिनिटं उबदार खोलीत बसा, हात कोमट ठेवा, आणि तुलना शक्यतो त्याच ऋतूतल्या नोंदीशी करा.

यंत्र वर्षातून एकदा तपासून घ्या. ज्ञात वजन मुठीला टांगून काटा किती दाखवतो ते बघायचं. दर वर्षी दोन किलो कमी दाखवणारं यंत्र हा काही केनेडीचा आजार नव्हे.

निशिगंध

खुर्चीतून उठण्याच्या चाचणीबद्दल लिहिते, कारण तिच्यात नकळत लबाडी फार होते.

खुर्ची हातांशिवायची, भिंतीला टेकवलेली, बैठक ४३ ते ४५ सेंमी. उंची वहीत लिहून ठेवा. गादी नको, गादी वर्षागणिक दबते आणि उठणं अवघड करते. हात छातीवर फुली. ‘सुरू’ म्हटल्यावर घड्याळ चालू, पाचव्यांदा पूर्ण ताठ उभं राहिल्यावर बंद. काही जण पाचव्यांदा बसल्यावर थांबवतात. दोन्ही चालतं, पण आज एक आणि सहा महिन्यांनी दुसरं असं नको.

पुढचं: सेकंद मोजण्याआधी माणूस उठतो कसा ते पाहा. मांडीचे पुढचे स्नायू कमजोर झाले की आधी पाय फाकतात, मग धड पुढे झोकून उसळी घेतली जाते, मग पोटऱ्या खुर्चीच्या कडेला रेटल्या जातात. वेळ १४ सेकंदच राहतो, पण युक्ती बदललेली असते. म्हणून वेळेशेजारी ‘पाय जुळते / फाकलेले’, ‘उसळी / बिनउसळी’ अशी खूण करा. मोबाईल बाजूला कमरेच्या उंचीवर ठेवून चित्रफीत घेतली तर उत्तम. दोन वर्षांपूर्वीची फीत शेजारी लावली की जे घड्याळाने दाखवलं नाही ते दिसतं.

हात न लावता उठता येईनासं झालं की चाचणी संपली असं समजतात. तसं नाही. बैठकीवर दोन-दोन सेंमीच्या पक्क्या फळ्या चढवत जा आणि हात न लावता उठता येणारी सर्वात कमी उंची नोंदवा. आज ४९, पुढच्या वर्षी ५३. सेकंदांपेक्षा हा आकडा पुढच्या टप्प्यात जास्त बोलतो, आणि पलंग-कमोडची उंची ठरवायलाही तोच लागतो.

एकट्याने करू नका. शेजारी एक माणूस, कमरेला पट्टा, समोर टेबल. मांडी कमजोर असली की गुडघा एकाएकी दुमडतो, तोल सावरायला वेळच मिळत नाही.

गोगलगाय

निशिगंधताई, फळ्यांची कल्पना झकास. जिन्यालाही तेच लागू. चार पायऱ्यांचे सेकंद घ्या, पण त्याहून महत्त्वाची ‘रीत’: कठडा न धरता पायाआड पाय, कठडा न धरता पण प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय, एका हाताने कठडा, दोन्ही हातांनी, येत नाही. रीत बदलली ती तारीख लाल शाईने लिहा. पायरीची उंची एकदाच मोजून वहीच्या पहिल्या पानावर टाका, घर बदललं तर तीच लक्षात राहत नाही.

माझी शंका वेगळी. मनगटी घड्याळ रोजची पावलं मोजतंच की. एवढा खटाटोप कशाला?

मोजपट्टी

पावलं म्हणजे माणूस किती चालला. किती चालू शकतो हे नव्हे. पाऊस, सुट्टी, ताप, निवृत्ती, सगळं त्यात उतरतं. वापरायचीच असतील तर वर्षातून दोनदा, ठरलेल्या महिन्यांत, सलग सात दिवसांची सरासरी घ्या. घड्याळ त्याच हातात आणि तेच मॉडेल. आणि काठी घेतलेल्या हातात बांधलं की घड्याळ पावलं गाळतं, हे विसरू नका.

चौकट

सांख्यिकीतला किडा वळवळला म्हणून लिहितो. ‘फरक खरा की मोजण्यातला’ हे ठरवायला दुसऱ्यांचे तक्ते नकोत, आपलीच वही पुरते.

प्रत्येक वेळी एकदा नव्हे, त्याच आठवड्यात दोनदा मोजा. आठवड्यात आजार काही सरकत नाही, तेव्हा त्या जोडीतला फरक म्हणजे निव्वळ मोजण्याचा गोंधळ. समजा सहा जोड्यांमधले पकडीचे फरक असे आले (किलोत): +१.२, −०.८, +१.६, −१.४, +०.४, −१.०. यांचं प्रमाण विचलन (आकडे किती विखुरले त्याचं माप) १.२५ च्या आसपास. त्याला १.९६ ने गुणा, २.४ किलो. दोन सुट्या मोजण्यांमध्ये यापेक्षा कमी फरक असेल तर त्यावरून काहीही ठरवू नका.

आता पकड २६ किलो धरा. वर्षाला दोन टक्के म्हणजे जेमतेम अर्धा किलो. एकेका मोजणीवर विसंबलात तर चार-पाच वर्षं थांबावं लागेल. जोडीची सरासरी घेतली तर मर्यादा २.४ वरून १.७ वर येते. त्यापुढे जायचं तर सुटे आकडे सोडा आणि वर्षांच्या नोंदींतून सरळ रेषा काढा. तिचा उतार हेच उत्तर. दर सहा महिन्यांनी एक जोडी धरली तर तिसऱ्या वर्षाच्या आसपास रेषेला काही अर्थ येऊ लागतो.

दर आठवड्याला मोजणाऱ्यांना हात जोडून सांगणं: त्याने अचूकता फारशी वाढत नाही, धास्ती वाढते.

उंबरठा

चौकट, हे कुणीतरी लिहायला हवंच होतं. याची दुसरी बाजूही धाग्यात नोंदवून ठेवतो. वेग इतका कमी आहे म्हणूनच, काही आठवड्यांत ताकद धपकन खाली आली तर ती केनेडीच्या खात्यात टाकू नका. मानेत मज्जारज्जूवर दाब, थायरॉइड, ड जीवनसत्त्व, वाढलेली साखर, स्टॅटिनचा (कोलेस्टेरॉलच्या औषधांचा) त्रास, किंवा नुसतं आजारपणात दोन आठवडे अंथरुणाला खिळणं, हे सगळं आधी शोधायचं. ‘तुमचा आजारच असा आहे’ म्हणून परत पाठवलं तर वहीतली रेषा पुढे करा.

परीक्षानळी

रक्ताकडे वळू.

सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात उतरणारं विकर): बहुतेकांचा वाढलेला, अनेकदा हजाराच्या आसपास. निदानाकडे बोट दाखवायला चांगला, प्रगती मोजायला कुचकामी. आदल्या दिवशी जड सामान उचललं तरी उडी मारतो, आणि स्नायू आटत गेले की पुढे खाली येऊ शकतो. सीपीके उतरला म्हणून आनंद नको, चढला म्हणून घाबरणं नको. काढायचाच तर आधी दोन-तीन दिवस व्यायाम बंद, आणि त्या दिवशीच्या ताकदीच्या चाचण्यांच्या आधी.

क्रिएटिनिन हा इथला खरा आकडा. तो स्नायूंमधूनच येतो, त्यामुळे स्नायू घटतात तसा तोही घटतो. जपानी अभ्यासांत तर कमजोरी जाणवण्याच्या आधीच्या वर्षांपासून तो उतरत असल्याचं दिसलं. अहवालात ०.५ आला की छापील मर्यादेच्या आसपास म्हणून कुणी ढुंकूनही पाहत नाही. त्याचा आलेख काढा. प्रयोगशाळा एकच ठेवा, कारण जाफे आणि एन्झायमॅटिक या मोजण्याच्या दोन पद्धतींच्या आकड्यांत फरक पडतो आणि इतक्या खालच्या पातळीवर तो नगण्य नसतो.

याचाच उलटा धोका: मूत्रपिंड बिघडलं तरी क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ दिसतं. मूत्रपिंडासाठी सिस्टॅटिन-सी ही रक्तचाचणी मागा, ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते.

यकृताच्या तपासणीतले एसजीओटी, एसजीपीटी स्नायूंमधूनही येतात. ते वाढलेले पाहून यकृताच्या मागे लागण्याआधी जीजीटी बघा, तो स्नायूंमधून येत नाही. तो नॉर्मल असेल तर बोट स्नायूंकडे. अर्थात या आजारात यकृतात चरबीही साठते, त्यामुळे यकृताला सरसकट क्लीन चिट देऊ नये.

न्यूरोफिलामेंट लाइट चेन (चेतातंतूंना इजा झाली की रक्तात येणारं प्रथिन) एएलएस या खूप वेगाने वाढणाऱ्या चेतापेशींच्या आजारात चढतो, केनेडीमध्ये नाही. दोन्हींत गोंधळ असेल तेव्हा कामाचा, आजाराची चाल मोजायला उपयोग नाही.

वर्षातून एकदा एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड आणि ईसीजी. ईसीजी यासाठी की काही रुग्णांत ब्रुगाडा या हृदयाची लय बिघडवणाऱ्या विकारासारखा आलेख आढळला आहे.

श्वासमात्रे

फुप्फुसांची चाचणी: टक्क्यांवर जाऊ नका, लिटर लिहा. टक्केवारी ज्या सूत्राने काढतात ते यंत्राबरोबर बदलतं, एफव्हीसी (पूर्ण श्वास घेऊन जोराने सोडलेली एकूण हवा) ३.४ लिटरच राहतो आणि कागदावर ८८ चे ८२ होतात. बसून आणि उताणं झोपून, दोन्ही घ्या. झोपल्यावर २५ टक्क्यांहून जास्त घट म्हणजे श्वासपटल कमजोर.

केनेडीत ओठांभोवतीचे स्नायू लवकर ढिले पडतात. नळीभोवती ओठ घट्ट बसत नाहीत, हवा बाजूने निसटते, आणि ‘श्वास कमी झाला’ असा अहवाल येतो. तंत्रज्ञाला आधीच सांगा, गालांना हाताने आधार द्या किंवा तोंड-नाक झाकणारा मास्क वापरा. कोणता वापरला ते लिहा.

खोकल्याचा जोर साध्या पीक फ्लो मीटरने घरी मोजता येतो. मिनिटाला २७० लिटरच्या खाली आला की सर्दी-खोकल्यात कफ अडकण्याची भीती. खोकल्याला मदत करण्याची तंत्रं फिजिओकडून तेव्हाच शिकून घ्यायची. बऱ्याच जणांत श्वास उशिरापर्यंत चांगला राहतो, त्यामुळे वर्षातून एकदा पुरे.

निशिगंध

गिळण्याचं राहिलं. १०० मिली पाणी, पेल्यातून, नेहमीच्या वेगाने पण न थांबता. एकूण सेकंद आणि किती घोट ते मोजायचं. १०० भागिले सेकंद हा वेग, १०० भागिले घोट हे एका घोटाचं माप. आधी चमच्याने पाणी देऊन बघा; ठसका लागला किंवा आवाज ओला, घरघरता झाला तर पेला पुढे करूच नका, तिथून पुढचं काम स्पीच थेरपिस्टचं. जिभेचा दाब मोजण्याचं यंत्र असेल तिथे तोही घ्या. तक्रार सुरू होण्याआधी तो कमी सापडतो.

काहींना अचानक घसा आवळून श्वास अडकतो, त्याला लॅरिंगोस्पाझम म्हणतात. त्याची मोजणी सोपी: तारीख, कशाने, किती सेकंद. झटक्यात घाईने तोंडाने हवा ओढू नये. नाकाने हळू, छोटे श्वास.

गोगलगाय

दवाखान्यात दर वेळी एएलएसएफआरएसआर ही रोजच्या कामांची प्रश्नावली भरून घेतात. ४८ पैकी ४३, पुढच्या वर्षी ४३, त्याच्या पुढच्या वर्षी ४२. मोजपट्टी, याचा काही उपयोग?

मोजपट्टी

एएलएससाठी बनवलेलं माप आहे ते, इथे फार ठोकळ पडतं. केनेडीसाठी वेगळी एसबीएमएएफआरएस पट्टी आहे (एसबीएमए हे केनेडीचंच दुसरं नाव): १४ प्रश्न, प्रत्येकी ० ते ४, एकूण ५६. दुसरी ‘एएमएटी’, १३ कृती, एकूण ४५. त्यात काम जमतं का (२१) आणि किती वेळ टिकतं (२४) असे दोन भाग आहेत. न्यूरॉलॉजिस्टकडे या नावांनी विचारा. शक्य असेल तर भरून घेणारी व्यक्ती दर वेळी एकच असावी.

सहा मिनिटांच्या चालण्याबद्दलही इथेच लिहितो. ३० मीटरचा सरळ व्हरांडा, दोन्ही टोकांना शंकू. १५ मीटरचा वापरला तर वळणं दुप्पट आणि अंतर कमी. दर मिनिटाला ठरलेलंच वाक्य, ‘शाब्बास, अजून जोरात’ नाही. प्रोत्साहनाने अंतर वाढतं. बूट तेच, काठी असेल तर तीच. पहिल्याच वर्षी दोनदा चालवा आणि दुसरा आकडा आधाररेषा धरा, नाहीतर सरावाने वाढलेले मीटर पुढच्या वर्षी सुधारणा म्हणून दिसतात.

एकाच दिवशी सगळं करायचं असेल तर क्रम: रक्त, फुप्फुसं, पकड, खुर्ची, जिना, शेवटी चालणं. मध्ये दहा-दहा मिनिटं.

चौकट

एमआरआयचं काय? ऐकलंय की सगळ्यात आधी तिथेच दिसतं.

परीक्षानळी

हो. डिक्सन पद्धतीने मांडी आणि पोटरीतलं चरबीचं प्रमाण काढतात. ताकदीत काही कळण्याआधी ते सरकतं आणि मोजण्यातला गोंधळही कमी. मांडीच्या मागच्या बाजूला सहसा आधी दिसतं. पण नुसत्या ‘मांडीचा एमआरआय’ अशा चिठ्ठीवर मिळतात ती चित्रं, आकडा नाही. चिठ्ठीत फॅट फ्रॅक्शन (चरबीचं प्रमाण) स्पष्ट लिहून घ्या, आणि छेद कुठल्या पातळीवर घेतला तेही, उदाहरणार्थ गुडघ्याच्या सांध्यापासून किती सेंमी वर. दोन सेंमी वरचा छेद घेतला तरी टक्केवारी बदलते. वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा करण्यात हशील नाही.

गोगलगाय

आणि उपचार चालू असताना? काही ठिकाणी ल्युप्रोरेलिन देतात ना?

उंबरठा

जपानमध्ये २०१७ पासून केनेडीसाठी मंजूर आहे, ११.२५ मिलिग्रॅम, १२ आठवड्यांतून एकदा. टेस्टोस्टेरॉन खाली आणतं. ते घेणाऱ्यांनी वहीत आणखी तीन रकाने पाडावेत: हाडांची घनता, साखर, वजन. टेस्टोस्टेरॉन गेल्यावर हाडं विरळ होतात, स्नायू थोडे घटतात आणि चरबी वाढते, आणि पडण्याचा धोका तर आधीपासून आहेच. इंजेक्शन सुरू करण्याआधी किमान दोन आधार-जोड्या घेतलेल्या असू द्या. सुरू केल्यावर वही उघडली तर औषधाने वेग कमी केला की मुळातच कमी होता, हे कधीच कळणार नाही.

उलट दिशेने: ताकद वाढेल म्हणून टेस्टोस्टेरॉन किंवा जिममधली स्टेरॉइडयुक्त पावडर घेणं म्हणजे आगीत तेल. या पुरुषांत छाती वाढलेली दिसते म्हणून ‘हार्मोन कमी’ असा समज होतो. पातळी बहुधा नॉर्मल किंवा चढी असते, रिसेप्टर नीट ऐकत नाही एवढंच.

श्वासमात्रे

चाकाच्या खुर्चीनंतर यातल्या निम्म्या चाचण्या शून्यावर येतात. तिथून पुढे पकड, चिमटीची ताकद, एफव्हीसी, खोकल्याचा जोर, गिळण्याचा वेग आणि वजन चालू ठेवा. हातांसाठी नऊ खुंट्यांचा फळा चांगला: नऊ खुंट्या एकेक करून भोकांत लावायच्या, मग काढायच्या, एकूण सेकंद. मात्र थरथर जास्त असली की ताकद तीच राहूनही वेळ वाढतो, म्हणून थरथर ‘नाही / थोडी / जास्त’ अशी शेजारी लिहा.

गोगलगाय

दोन्ही हातांनी करायची का?

श्वासमात्रे

हो, आधी लिहिता त्या हाताने, मग दुसऱ्या. प्रत्येक हाताची एक सरावाची पाळी सोडून द्यायची. खुंटी खाली पडली तर ती पाळी रद्द करून पुन्हा. फळा घसरू नये म्हणून खाली रबरी कापड टाका.